छत्तिसावा दाता

शीर्षक वाचून हा लेख संस्थेच्या देणगीदारांविषयी असावा असा काही वाचकांचा समज होईल. देणगीदारांची यादी या स्मरणिकेत अन्यत्र आहे आणि ती आम्ही कृतज्ञतेने वाचली आहे. आम्हास सांगावयाचे आहे ते एका निराळ्या दात्याविषयी: नायलॉनच्या एका गोल तुकड्यावर कानशीने कोरलेल्या छत्तिसाव्या दात्याविषयी.

आपल्या विज्ञान प्रयोगशाळेच्या भिंतीवर, कपाटाच्या वर, एक रुंद फळी टांगलेली आहे. तिच्या खाली चार चाके, एक लहानशी मोटर, एक दातेरी पट्टा आणि पत्र्याचा एक डबा आहे. दरवर्षी जूनमध्ये नवी मुले येतात आणि विचारतात, "सर, हे काय आहे?" आम्ही इतिहासाचे शिक्षक. वस्तू दिसली की तिची कुळकथा सांगावी ही आमची जुनी खोड. परंतु या फळीच्या कुळकथेत आमची स्वतःची एक चूक आहे आणि ती आजवर आम्ही कोणास नीट सांगितलेली नाही. स्मरणिका ही गौरवाची जागा असतेच. क्वचित ती कबुलीचीही असावी, असे वाटल्यावरून हे लिहीत आहोत.

मिहान म्हणजे काय हे आपल्या माजी विद्यार्थ्यांना सांगावयास नको. विमानतळाच्या दक्षिणेकडील शिवणगाव, खापरी, कलकुही, तेल्हारा, दहेगाव या गावांच्या शिवारांवर हा प्रकल्प उभा राहिला. जेथे कपाशी आणि तूर उभी असे तेथे रुंद सिमेंटचे रस्ते आले, माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या, विमानांच्या दुरुस्तीचे प्रचंड केंद्र आले, पुढे 'एम्स' आले. ज्यांची शेती गेली त्यांना मोबदला मिळाला. ज्यांची शेती मुळातच नव्हती, जे दुसऱ्याच्या शेतावर राबत, त्यांचे कामच गेले. त्यांपैकी कितीतरी घरांतली मुले आपल्या वसतिगृहात आली. आमच्या गोष्टीतला मुलगा अशाच एका घरचा. त्याचे वडील आधी शेतमजूर, मग सायकलरिक्षा ओढणारे, आणि पुढे कर्ज काढून घेतलेल्या ई-रिक्षाचे चालक.

२०१८ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. मुलगा नववीत होता. गणितात कच्चा, इतिहासात त्याहून कच्चा. एका रविवारी दुपारी वसतिगृहाच्या व्हरांड्यातून घरघर असा कर्कश आवाज आला. बाहेर येऊन पाहतो तो हा मुलगा एका फळीवर उभा राहून सिमेंटच्या उतारावरून खाली येत होता. फळीखाली कबाड्याकडून आणलेली चार बेअरिंगे ठोकलेली होती. आमच्या लहानपणीही बेअरिंगच्या गाड्या असत. परंतु आम्ही त्यांवर बसत असू, उभे राहत नसू. मुलाचे हात काळ्या तेलाने माखले होते, गुडघा फुटला होता आणि चेहऱ्यावर असा आनंद होता, जो आमच्या तासाला कधी दिसला नव्हता.

आम्ही फळी जप्त केली. तेवढे करून थांबलो असतो तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते. दुसऱ्या दिवशी वर्गात, साऱ्या मुलांसमोर, आम्ही त्यास म्हणालो, "हात काळेच करायचे होते, तर आईबापांनी तुला इथवर कशाला पाठवले?"

मुलगा काही बोलला नाही. हात मागे लपवून उभा राहिला.

हे वाक्य आमच्या तोंडी कोठून आले, याचा शोध आम्ही पुढे घेतला. आमचे आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये विणकर होते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या त्या गिरणीत आपल्या समाजाच्या शेकडो घरांची चूल पेटली. गावकीच्या कामातून सुटका आणि महिन्याच्या महिन्याला रोख पगार, हे त्या काळी लहान भाग्य नव्हते. माग बिघडला तर आजोबा कान लावून दोष सांगत, असे घरात अभिमानाने सांगितले जाई. परंतु तो अभिमान आजोबांपुरताच होता. आमचे वडील आमच्या हातात पाना दिसला तरी संतापत. "पेन धर. हाताला तेल लागू देऊ नकोस," हा त्यांचा एकमेव उपदेश. आम्ही पेन धरले, इतिहासात एम. ए. झालो, शिक्षक झालो. २००२ मध्ये ती गिरणी बंद झाली तेव्हा वडिलांनी आमच्याकडे पाहिले ते अशा नजरेने, की पाहा, आम्ही म्हणालो होतो ना!

वडिलांचे चुकले असे आम्ही आजही म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या माथी सक्तीचे श्रम मारले गेले, त्यांनी मुलांच्या हातून हत्यार काढून पुस्तक देणे हा मुक्तीचाच एक मार्ग होता. चुकलो ते आम्ही. आम्ही सक्तीचा तिरस्कार करता करता श्रमाचाच तिरस्कार शिकलो. कामाची वाटणी ही एक गोष्ट आणि काम करणाऱ्या माणसांची उतरंड ही दुसरी, हा भेद बाबासाहेबांनी १९३६ मध्येच उलगडून दाखविला. आम्ही तो दरवर्षी फळ्यावर लिहीत आलो होतो. आणि त्याच फळ्यासमोर उभे राहून एका मुलाचे तेलकट हात आम्ही त्याला लपवावयास लावले.

चार दिवसांनी त्याचे वडील शाळेत आले. ई-रिक्षा फाटकाबाहेर उभी करून, पायताण काढून, कार्यालयाच्या दारात थांबले. आम्ही बसावयास सांगितले, बसले नाहीत. म्हणाले, "सर, तुमी त्याची फळी ठेवून घेतली, त्याचं मले काही नाही. पण पोरगा हातानं काही करते म्हणून त्याले बोलू नका. मी बी हाताच्याच भरोशावर जगतो."

आम्ही फळी परत केली. परंतु ती घरी न्यावी, वसतिगृहात पुन्हा दिसू नये, अशी अट घातली. आपण उदारपणा दाखविला असे त्या दिवशी आम्हास वाटले.

दिवाळीची सुटी संपली आणि मुलगा परतला. त्याच्या पेटीसोबत एक पोते होते, याची आम्हास कल्पना नव्हती.

डिसेंबरातील एका रात्री, दोनच्या सुमारास, पहारेकऱ्याने आमचे दार ठोठावले. मुलांच्या खोलीतून धूर येत होता. आम्ही धावत पोहोचलो तोवर त्या शहाण्या माणसाने मुलांना बाहेर काढले होते आणि खाटेखालची जळती वस्तू फावड्याने अंगणात ओढून तिच्यावर वाळूची बादली रिकामी केली होती. वाळूतूनही फुस्स असा आवाज येत राहिला, झाकणे फुटावीत तसे दोन बार झाले, आणि मग शांत झाले. एक चादर, एक गादी आणि मुलाच्या उजव्या हाताची दोन बोटे भाजली. त्या खोलीत अकरा मुले झोपलेली होती. आज सात वर्षांनीही तो आकडा आठवला की झोप उडते.

घडले होते ते असे. दिवाळीत मुलाने बेअरिंगच्या फळीला वीज जोडली होती. सीताबर्डीतून जुनी मोटर मिळविली, आणि बॅटरीसाठी लॅपटॉपच्या टाकाऊ बॅटऱ्या फोडून त्यांतले सेल काढले. हे सेल बोटाएवढे असतात. १८ मिलिमीटर जाडीचे, ६५ मिलिमीटर लांबीचे. सहा सेलांची माळ केली की सुमारे २२ व्होल्ट मिळतात. माळ करणे तो वडिलांच्या ई-रिक्षावरून शिकला होता, कारण तिथेही १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या जोडून ४८ व्होल्ट केलेले असतात. चूक झाली ती पुढे. ई-रिक्षाच्या बॅटऱ्या शिशाच्या. त्या रात्रभर चार्जिंगला लावून ठेवणे हा तिथला नित्यक्रम. मुलाने लिथियमच्या सेलांनाही तेच केले. लिथियमचा सेल ४.२ व्होल्टला भरतो, त्यापुढे त्यास एक थेंब सोसत नाही. माळेतला सर्वांत थकलेला सेल सर्वांआधी भरला. चार्जर मात्र साऱ्या माळेचे मिळून २५.२ व्होल्ट होण्याची वाट पाहत राहिला. तो एक सेल तापला, फुटला, आणि शेजाऱ्यांना घेऊन पेटला.

हे आम्हास दुसऱ्या दिवशी आमच्या सहकारी विज्ञान शिक्षिकेने समजावून सांगितले. आणि मग अगदी साध्या स्वरात विचारले, "सर, तो रात्री खाटेखाली का चार्ज करत होता?"

उत्तर आम्हास ठाऊक होते. दिवसा, उजेडात, मोठ्यांच्या देखत तो ते करू शकत नव्हता, म्हणून. आम्ही बंदी घातली होती, म्हणून. आमच्या बंदीने ती फळी थांबली नाही. ती फक्त खाटेखाली गेली, आणि अकरा झोपलेल्या मुलांच्या जवळ गेली.

आठवड्याच्या अखेरीस बैठक झाली. मुलास शाळेतून काढून टाकावे असा बहुतेकांचा सूर होता. तो गैर होता असेही म्हणवत नाही. अकरा घरांना उत्तर द्यावयाचे होते. आम्ही उभे राहून सांगितले की, काढावयाचेच असेल तर वसतिगृहाची देखरेख आमच्याकडे आहे, प्रथम आम्हास काढावे. आणि वर्गात आम्ही जे वाक्य बोललो होतो तेही सांगितले. सभागृहात बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी ठरले ते असे: मुलगा राहील, ती वस्तू पुन्हा बनवावयाची असेल तर ती प्रयोगशाळेत, दिवसा, दोन शिक्षकांच्या देखरेखीखाली बनेल, आणि त्या दोन शिक्षकांपैकी एक आम्ही असू. ही शिक्षा होती की संधी, हे तेव्हा आम्हास कळले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुलाची क्षमा मागितली. ज्या वर्गात बोललो होतो त्याच वर्गात मागितली. त्याचा पट्टी बांधलेला हात या वेळी मागे नव्हता, बाकावर होता.

आता त्या वस्तूविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. स्केटबोर्ड ही काही श्रीमंतांच्या कारखान्यात जन्मलेली वस्तू नव्हे. गेल्या शतकाच्या मध्यास कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या पोरांनी, जेव्हा लाटा नसत तेव्हासाठी, रोलर स्केटची चाके लाकडाच्या फळीला ठोकली. म्हणजे आपल्या मुलाने केले तेच. १९७० नंतर पॉलियुरेथेनची मऊ, पकड घेणारी चाके आली आणि खेळ पसरला. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, तो प्रथम खेळला गेला. फळीला मोटर जोडण्याचे वेड त्याहून अलीकडचे. मोटरचा वेग सांभाळणारी जी विद्युत-पाटी लागते, तिचा आराखडा बेंजामिन वेडर या स्वीडिश अभियंत्याने सर्वांसाठी खुला ठेवला, आणि जगभर हजारो लोकांनी घरच्या घरी अशा फळ्या बनविल्या. ज्ञान कुलूपबंद न ठेवण्याचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको.

विज्ञान शिक्षिकेने आम्हास आणखी एक गोष्ट सांगितली. मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे खेडे आहे. तेथे उल्रिके राइनहार्ट या जर्मन बाईंनी २०१५ मध्ये स्केटबोर्डसाठी सिमेंटचे मैदान बांधले. गावात आदिवासी आणि यादव, अशा दोन वस्त्या. परंतु फळी एक आणि पोरे अनेक, तेव्हा एकमेकांच्या हातून ती घ्यावीच लागली. मैदानाचे दोन नियम: शाळेत न जाणाऱ्यास फळी नाही, आणि पहिला मान मुलींचा. त्याच गावची आशा गोंड ही मुलगी २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंग येथे जागतिक स्पर्धेत उतरली. हे ऐकले आणि ते दोन्ही नियम आम्ही प्रयोगशाळेच्या दारावर लावले.

जानेवारीत काम सुरू झाले. विकत घेतले ते मोटर, वेग-नियंत्रक, हातातला रिमोट, दातेरी पट्टा आणि चाके. बाकी सारे घरचे. फळीसाठी पातळ प्लायवूडचे दोन थर आणि मध्ये बांबूच्या कामट्या. नुसती प्लाय माणसाच्या वजनाने वाकते आणि वाकलेलीच राहते. बांबू वाकतो आणि परत येतो. कामट्या एकसारख्या जाडीच्या कशा काढाव्यात हे आमच्यापैकी कोणासही जमेना. तेव्हा एका विद्यार्थिनीची आई आली. टोपल्या-सुपे विणणारे त्यांचे घर. तिने विळतीने तासाभरात ढीगभर कामट्या काढून दिल्या, सगळ्या कागदाने मोजाव्यात इतक्या सारख्या. थरांना डिंक लावून त्यांवर भोजनगृहातली तांदळाची पोती दोन दिवस रचून ठेवली. त्या दोन दिवसांत स्वयंपाकिणीबाईंनी आम्हास जे ऐकविले ते येथे लिहीत नाही.

चाकांचा लोखंडी सांगाडा खापरीच्या एका वेल्डरने जोडून दिला. शरीर एका बाजूस झुकविले की फळी त्या बाजूस वळली पाहिजे, यासाठी सांगाड्यात रबराचा दाबला जाणारा तुकडा लागतो. तो जुन्या स्कूटरच्या शॉक-अब्सॉर्बरमधून काढला. तारांची जोडणी मुलाच्या वडिलांनी केली. दर बुधवारी ई-रिक्षा फाटकाशी लावून ते आत येत. आता पायताण दारात काढत नसत, आणि खुर्चीवर बसत.

राहिली पुली. मोटरवरची १५ दात्यांची पुली विकतची होती. चाकावरची मोठी पुली मात्र मुलाने दिवाळीत स्वतः कोरली होती, आणि ती आगीतून वाचली होती. तिला ३६ दाते. छत्तीसच का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "सर, वर्तुळ ३६० अंशांचं. छत्तिसानं भागलं की दहा येतात. कंपासपेटीतल्या कोनमापकावर दहा-दहाच्या खुणा असतात." गणितात दोनदा नापास झालेल्या मुलाचे हे उत्तर ऐकून गणिताचे शिक्षक प्रयोगशाळेत येऊन बसले ते पुढे रोजच येऊ लागले.

परंतु ती पुली फिरताना प्रत्येक फेरीस टक् असा आवाज करी. पट्टा एका जागी अडखळे. तपासले तेव्हा दिसले की, पस्तीस दाते बरे होते आणि छत्तिसावा अर्धाच होता. त्याला पुरेशी जागाच उरली नव्हती. मुलाने पहिली खूण केली, मग त्या खुणेवर कोनमापक ठेवून दुसरी, दुसरीवरून तिसरी. प्रत्येक वेळी केसाएवढी चूक झाली. पहिल्या दात्याला ती दिसली नाही, दहाव्यालाही दिसली नाही. छत्तिसाव्या दात्याला मात्र आधीच्या सर्वांची चूक एकट्याला भरावी लागली.

गणिताच्या शिक्षकांनी उपाय सांगितला. मागच्या खुणेवरून पुढची खूण करावयाची नाही. प्रत्येक खूण मूळ शून्यावरून मोजावयाची. मग चूक होते, पण साचत नाही. पट्ट्याच्या दोन दात्यांतले अंतर ५ मिलिमीटर. तेव्हा ३६ दात्यांचा परिघ १८० मिलिमीटर, आणि व्यास ५७.३. पाय या संख्येचा उपयोग काय, हे त्या दिवशी नववीच्या संपूर्ण वर्गास कळले. दुसरी पुली कोरण्यास बारा दिवस लागले. ती फिरली तेव्हा आवाज आला नाही.

आम्ही मात्र त्या अर्ध्या दात्याकडे पाहत राहिलो. आमच्या आजोबांची एक खूण होती. वडिलांनी त्यांच्यावरून आपली केली, आम्ही वडिलांवरून आमची केली. प्रत्येकाने प्रामाणिकपणेच केली. आणि एका पंधरा वर्षांच्या मुलापाशी येईतो त्याला उभे राहावयास जागा उरली नव्हती. मूळ शून्यावरून मोजण्याचे आमच्या मनातच आले नाही.

आणि आम्हा आंबेडकरी माणसांचा शून्यबिंदू तर आपल्या नागपुरातच आहे. १९४२ च्या जुलैत, १८ ते २० या तीन दिवसांत, मोहन पार्कवर अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली. त्याच महिन्यात बाबासाहेबांकडे व्हाइसरॉयांच्या कार्यकारी मंडळातील मजूर खाते आले. इथवरचा इतिहास आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत होतो. त्यापुढचे एक पान मात्र घाईने उलटत होतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात बाबासाहेबांनी सरकारला जे निवेदन दिले, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशास्त्राच्या उच्च शिक्षणाची मागणी आहे. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी समाजाचे फारसे भले होणार नाही असे त्यांनी त्यात स्पष्ट म्हटले आहे. स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस हे लिहितो! पुढच्याच वर्षी, १९४३ च्या ऑक्टोबरात, विद्युतशक्तीविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा संबंध थेट दारिद्र्यनिर्मूलनाशी जोडला. वीज, यंत्र आणि आपली मुले यांचे नाते त्यांनी तेव्हाच सांगितले होते. कला शाखेची पदवी मिरविणाऱ्या आम्हास ते पान अडचणीचे वाटत होते, एवढाच त्याचा अर्थ.

एप्रिल २०१९. वार्षिक परीक्षा संपली होती, मेट्रो नुकतीच खापरीपर्यंत धावू लागली होती. सकाळी सहाला, ऊन तापण्यापूर्वी, आम्ही सारे फाटकापासून विहारापर्यंतच्या आतल्या सिमेंटच्या रस्त्यावर जमलो. बाहेर मिहानचे रस्ते आरशासारखे सपाट आणि रिकामे होते. मुलांचे डोळे तिकडे लागले होते. परंतु सार्वजनिक रस्त्यावर फळी न्यावयाची नाही हे पक्के ठरलेले होते. नव्या बॅटरीत तपासून, निवडून घेतलेले तीस सेल होते, आणि प्रत्येक जोडीवर स्वतंत्र लक्ष ठेवून वेळेवर प्रवाह तोडणारी एक पाटी. हिशेब मुलांनी फळ्यावर मांडला होता: मोटर एका व्होल्टमागे मिनिटाला १९० फेरे घेते, २२.२ व्होल्टला सुमारे ४,२००. पुल्यांचे प्रमाण २.४, म्हणून चाकाचे फेरे १,७५०. ९० मिलिमीटरच्या चाकाचा परिघ २८.३ सेंटिमीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ३० किलोमीटर. एवढा वेग आम्ही मंजूर केला नाही. नियंत्रकात तो १२ वर बांधला.

दारावरच्या नियमाप्रमाणे पहिला मान मुलीचा. जिच्या आईने कामट्या काढल्या होत्या तीच आठवीतली मुलगी हेल्मेट आणि गुडघ्यांना पट्ट्या बांधून फळीवर उभी राहिली. मुलगा शेजारून धावत होता आणि सांगत होता, "गुडघे वाकव. पायाकडं पाहू नको, समोर पाह्य." फळी निघाली. बेअरिंगची ती कर्कश घरघर नव्हती. शिवणयंत्रासारखा बारीक आवाज होता. त्याच वेळी विमानतळाकडे उतरणारे एक विमान आमच्या डोक्यावरून गेले आणि नेहमी विमानाकडे माना वर करणाऱ्या आमच्या मुलांपैकी एकानेही वर पाहिले नाही. ती विहारापाशी पोहोचली, वळण घेताना पडली, उठली आणि पहिला शब्द बोलली तो, "परत."

मुलाच्या वडिलांनी ई-रिक्षातून पाहिले. ते काही बोलले नाहीत. फक्त रिक्षाचा भोंगा एकदा वाजविला.

यापुढची हकीकत अद्‌भुत नाही, आणि नाही म्हणूनच ती सांगावीशी वाटते. मुलगा २०२० मध्ये दहावी झाला; कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झालेली ती तुकडी. गुण बेताचे पडले. त्याने विद्युत शाखेची पदविका केली. तो आज कोठल्या बड्या कंपनीत विमाने दुरुस्त करीत नाही. ई-रिक्षांच्या बॅटऱ्या दुरुस्त करण्याचे त्याचे लहानसे दुकान आहे आणि त्यात आणखी दोघांना काम आहे. दुकानात दर्शनी जागी एक सूचना आहे: लिथियमची बॅटरी रात्री झोपताना चार्जिंगला लावू नये. ती वाचून आम्ही मान खाली घातली. तो हसला आणि म्हणाला, "सर, गिऱ्हाइकांसाठी आहे."

काही वर्षांपूर्वी, सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, किक मारून सुरू होणारी चारचाकी बनविली आणि देशभर त्यांचे कौतुक झाले. आनंद महिंद्रांनी त्यांना नवी बोलेरो दिली. बातमी वाचून आम्हासही आनंद झाला. परंतु मनात असेही आले की, शिक्षण अर्धवट राहिलेला कारागीर यंत्र बनवितो तेव्हा देश चकित होतो, यात थोडा दोष आमच्या शाळांचाही आहे. ज्यांच्या हातात कसब त्यांच्यापासून पुस्तक दूर, आणि ज्यांच्या हातात पुस्तक त्यांच्यापासून हत्यार दूर, ही जुनी वाटणी आम्ही वर्गाच्या चार भिंतींत निमूटपणे चालू ठेवली. आपल्या त्या फळीत बुरडकाम होते, वेल्डिंग होते, ई-रिक्षाचालकाची तारजोडणी होती, आणि कोनमापक होता. या साऱ्या गोष्टी आपल्या आवारात आधीपासूनच होत्या. त्यांची गाठ मात्र कोणी घालून दिली नव्हती.

जाता जाता एक मागणे. आपले माजी विद्यार्थी दरवर्षी स्नेहमेळाव्यास येतात, आणि येताना पुस्तके, प्रतिमा, सन्मानचिन्हे आणतात. पुस्तके आणीत राहावे. त्यांवाचून आपण कोणीच इथवर आलो नसतो. परंतु पुढील वर्षी एखाद्याने एक मजबूत शिकंजा आणावा, कोणी कानशींचा संच, कोणी सोल्डरिंगचे साहित्य, कोणी वाळूच्या चार बादल्या. आणि ज्यांना यांतले काही शक्य नसेल त्यांनी एक दिवस यावे आणि आपले काम हातांनी कसे होते ते मुलांना दाखवावे. संस्थेच्या दात्यांच्या यादीत आम्ही त्यांचे नाव सर्वांत वर लिहू.

ती पहिली पुली आम्ही फेकली नाही. ती आमच्या टेबलावर कागद दाबण्यासाठी ठेवलेली आहे. नववीचा पहिला तास सुरू करण्यापूर्वी तिच्या अर्ध्या दात्यावरून आम्ही एकदा बोट फिरवितो, आणि मग वर्गात जातो.